परमिट रूमच्या खिडकीतले नियम

दूध संघ बंद पडला त्या वर्षी मी परमिट रूमवर मॅनेजर झालो. बाहेरच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते, आमच्या भागात कुणाला वाटली नाही. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. जनावरं चारा छावणीत बांधलेली, नाहीतर विकून टाकलेली. संघात दूध येणार कुठून? टाक्या धुवायलाही पाणी नव्हतं. आमच्या चेअरमनसाहेबांची नांदूरघाटच्या अलीकडे एका फाट्यावर जमीन होती आणि त्या जमिनीवर त्यांचा बार होता. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, संघ चालू होईस्तोवर तिथलं बघ, तुझं अक्षर चांगलं आहे, रजिस्टरं नीट राहतील. संघ पुढे चालू झालाच नाही.

संघात माझं काम सभांचं इतिवृत्त लिहायचं. या कामात मी स्वतःला मोठा कारागीर समजत असे. माझी एक पद्धत होती, आणि सहकारात चार वर्षं काढलेल्या कुणालाही ती नवी वाटणार नाही. सभा सकाळी अकराला असली की इतिवृत्त आदल्या संध्याकाळीच लिहून तयार. अमुक सूचक, तमुक अनुमोदक, सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर. दुसऱ्या दिवशी संचालक यायचे, चहा घ्यायचे, सही करून निघायचे. जे यायचे नाहीत त्यांची सही मी शेतावर जाऊन घ्यायचो. यात काही खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. जे ठरायचं ते साहेबांच्या मनात ठरलेलंच असतं, मग सगळ्यांचा वेळ कशाला घालवा, असं माझं स्वच्छ मत होतं.

परमिट रूमचं लायसन्स नुसतं बाटलीचं नसतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. ती जागा आधी खाणावळ असावी लागते. मंजूर नकाशा काउंटरमागे काचेत लावलेला होता. त्यात बसायची खोली, स्टोअर, किचन, पुढचं अंगण आणि कुंपण, सगळं रेघा मारून दाखवलेलं. जेवण त्या नकाशातल्या किचनमध्येच शिजलं पाहिजे. कुंपणाच्या आत बाहेरच्या विक्रेत्याने काही विकायचं नाही. दारू जिथे दिली जाते त्या खोलीत परवानगीवाचून बाईमाणसाला कामाला ठेवायचं नाही. मला असले कागद वाचायला आवडतात. गिऱ्हाईक नसलं की मी लायसन्सच्या अटी वाचत बसायचो आणि वेटर माझ्याकडे बघून हसायचे.

अटी चांगल्या होत्या, पण बोअर आटला होता. पोळा झाला तरी पाऊस नाही. आचारी एके सकाळी पिशवी घेऊन एसटीत बसला आणि किचनला मी कुलूप लावलं. दारू बाटलीतून येते, सोडाही बाटलीतून येतो. भाकरी काही बाटलीतून येत नाही. गिऱ्हाईक मात्र कमी झालं नव्हतं, कारण शेतात कामच नव्हतं. मग हळूहळू अंगणात तिघंजण येऊन बसायला लागली. एक अंडेवाला आपला गाडा घेऊन. एक फुटाणेवाला म्हातारा. आणि एक बाई, भाकरी, पिठलं आणि ठेचा घेऊन. रस्त्याच्या कंत्राटदाराने पुलासाठी आणलेला सिमेंटचा भला मोठा पाइप अंगणातच टाकून दिला होता. त्याच्या सावलीला तिने तीन दगडांची चूल मांडली.

या बाईविषयी मला सांगायचं आहे. इतकी वर्षं झाली तरी तिची आठवण आली की मी हातातलं काम थांबवतो.

तिच्याकडे दिवसाला पाण्याची एक घागर असायची. टँकर वस्तीवर यायचा तेव्हा तिचा नवरा रांगेत भांडी धरून बसायचा, त्यातली एक घागर ती डोक्यावर घेऊन दीड कोस चालत यायची. ज्वारी रेशनची, जुनी. तिला विरी नाही, म्हणजे चिकटपणा नाही, पीठ थापायला घेतलं की चिरा पडायच्या. अशा पिठाला उकळतं पाणी लागतं आणि भरपूर मळावं लागतं. ती आधणाचं पाणी मूठभर पिठावर असं टाकायची की एक थेंब परातीला लागायचा नाही. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून जे पाणी फिरवायचं, ते ती हात नुसता ओला करून फिरवायची. एका घागरीत साठेक भाकरी, पिठलं, आणि शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याला प्यायला तांब्या. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. पाठीमागे दुसरी घागर लपवली असेल म्हणून मी पाइपात वाकून बघितलं. आत तिची पोरगी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती.

मी स्वभावाने किरकिऱ्या. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर ओरडलो. ती वीस ताटल्या एकाच बादलीत धूत होती आणि शेवटच्या ताटल्यांना ते पाणी पिठल्याच्याच रंगाचं झालेलं असायचं. मी म्हणालो, हे चालायचं नाही, प्रत्येक ताटलीला स्वच्छ पाणी पाहिजे, नाहीतर उद्यापासून बसू नका. दुसऱ्या दिवशी ताटल्याच नव्हत्या. भाकरी तळहातावर, भाकरीवर पिठलं, पिठल्यावर ठेचा. रानात खातात तसं. पांढरे कपडे घातलेले पुढारी, कंत्राटदार, मास्तर, सगळे हातावर भाकरी घेऊन अंगणात उभे. धुवायला काही उरलंच नाही. माझा नियमही पाळला गेला आणि तिचं पाणीही वाचलं. मी दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिलो.

तिचं तिथे बसणं कशावर अवलंबून होतं, हे मला अंडेवाल्याने सांगितलं. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात. मुकादम कोयते मोजतो, माणसं मोजत नाही. गेल्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना नवरा पडला आणि कमरेतून गेला. आता तो बसून भांडी राखायचा एवढंच. म्हणजे जोडी मोडली. बाईला तोडीला जायचं तर जोडीला दुसरं माणूस पाहिजे, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे पाइपात भूगोल वाचणारी ती पोरगी. यंदा दहावीला. दसऱ्याच्या आत फाट्यावर बस्तान बसलं तर पोरगी शाळेत राहील, नाही बसलं तर आईबरोबर ट्रकमध्ये.

मुकादम आमचं रोजचं गिऱ्हाईक. वाईट माणूस नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा, बाहेर येऊन तिच्याकडची भाकरी हातावर घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, "वैनी, गाडीत जागा ठिवलीय बरं का." ती हसायची आणि पुढची भाकरी थापायची.

मग भाद्रपदात एक्साइजचे इन्स्पेक्टर आले. शांत, चष्मेवाले गृहस्थ. आवाज चढवला नाही, चहा घेतला नाही. नकाशा भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवत सगळीकडे फिरले. किचनचं कुलूप बघितलं. अंगणातली तिघं बघितली. मला म्हणाले की इथे दोन चुका आहेत. किचन बंद म्हणजे ही खाणावळ नाही, आणि कुंपणाच्या आत बाहेरचे विक्रेते. पंधरा दिवसांनी परत येईन, तेव्हाही असंच दिसलं तर बंद करण्याचा अहवाल पाठवीन. आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होते. त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं.

साहेबांना फोन केला. ते कुठल्याशा मीटिंगला निघाले होते. म्हणाले, किचनचं बघू नंतर, आधी त्या तिघांना उठव, आणि उद्या कुणी बोंब मारू नये म्हणून कागद करून ठेव.

कागद करणं हे तर माझं काम. मी काउंटरवर बसलो आणि एका बैठकीत सुंदर इतिवृत्त लिहून काढलं. 'आज रोजी सर्व खाद्यपदार्थ विक्रेत्यांची सभा अंगणात झाली. सविस्तर चर्चेअंती विक्रेत्यांनी परिसर स्वखुशीने सोडण्याचे सर्वानुमते ठरले.' सूचक म्हणून बाईचं नाव घातलं, अनुमोदक अंडेवाला. म्हाताऱ्याने आभार मानले असंही लिहिलं. शेवटी सह्या-अंगठ्यांसाठी जागा सोडली. अक्षर फार छान आलं होतं, मी दोनदा वाचून बघितलं.

अंडेवाल्याने न वाचता सही केली. म्हाताऱ्याने अंगठा दिला. मी शाईचं पॅड घेऊन पाइपाकडे गेलो आणि बाईला म्हणालो की इथे अंगठा द्या. तिने हाताचं पीठ झटकलं, पण अंगठा पुढे केला नाही. पोरीला बाहेर बोलावलं आणि काय लिहिलंय ते वाच म्हणाली.

पोरगी वाचायला लागली. शाळेत धडा वाचतात तसा स्पष्ट, मोठा आवाज. 'स्वखुशीने' या शब्दावर ती एकदा थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे वाचलं. म्हातारा फुटाणे पाखडायचा थांबला. आपण आभार मानल्याचं ऐकून त्याने कानामागे हात लावला. वाचून संपलं तेव्हा बाई माझ्याकडे वळली.

"भाऊ," ती म्हणाली, "सभा झालीच न्हाई, तर ठराव कसा झाला?"

सोळा वर्षं मी इतिवृत्तं लिहिली. संचालकांनी, तपासनिसांनी, वकिलांनी वाचली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला राग आला, आणि तो राग ती खरं बोलली म्हणूनच आला, हेही मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, अशीच पद्धत असते, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली की कळत न्हाई म्हणूनच इचारलं. मी पॅड बंद केलं आणि ताडताड आत निघून आलो. त्या दिवशी एका वेटरला मी ग्लास नीट पुसला नाही म्हणून इतकं बोललो की तो दोन दिवस आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला आलो तर तिघंही अंगणात बसलेली. पाइपाच्या सावलीला तीन पोती अंथरली होती, आणि एक चौथं पोतं रिकामं. बाई म्हणाली, "या भाऊ. आता सभा घ्या. बोलू ते लिवा."

मी बसलो. वही उघडली आणि माझ्या लक्षात आलं की सभेत काय होणार हे माहीत नसताना मी पहिल्यांदाच सभेला बसलोय.

तिने पहिल्यांदा मला अटी वाचून दाखवायला सांगितल्या. मी सगळ्या वाचल्या. तिघांनी ज्या लक्षाने त्या ऐकल्या, तसं लक्ष आमच्या संघाच्या सभेत मी कधी पाहिलं नाही. मध्येच ती थांबवायची. किचन नकाशात कुठपर्यंत? त्याला दारं किती? मी सांगितलं की एकच, मागच्या शेताकडे, बसायच्या खोलीकडे दार नाही, नुसती ताटं द्यायची फळी लावलेली खिडकी आहे. ती म्हणाली, जेवण किचनमध्ये शिजलं पाहिजे असं सरकार म्हणतं, तर आम्ही किचनमध्ये शिजवतो. मागच्या दाराने यायचं, मागच्या दाराने जायचं.

मला वाटलं हे तर माझ्याच डोक्यात यायला हवं होतं. उत्साहाने म्हणालो, वा, मग तुम्हा तिघांची नावं नोकरांच्या रजिस्टरला घेतो. तर ती लगेच नाही म्हणाली.

"नोकर न्हाई. मालकाच्या चुलीवर मालक म्हणंल तसं वागावं लागतं. चूल आमची, पीठ आमचं, पानी आमचं. किचन आमाला तिघांत भाड्यानं द्या. ही आमची सोसायटी."

सोसायटी हा शब्द मी त्याआधी हजारदा लिहिला असेल. त्या पोत्यावर बसून तो ऐकताना मात्र मी लिहायचं विसरून तिच्याकडे बघत राहिलो. मग अंडेवाल्याने विचारलं की नियम काय, आणि एकेक नियम पुढे यायला लागला. कुणी सांगायचं, दुसऱ्याला पटलं नाही तर तो भांडायचा. म्हातारा एका नियमावर इतका अडून बसला की उन्हाने सावली सरकली आणि आम्हाला पोती ओढावी लागली. त्याचं म्हणणं होतं की फुटाणे बाटलीबरोबर फुकट वाटायचे नाहीत, त्यालाही मोल आहे. बरंच ऐकून घेतल्यावर बाकी दोघांनी ते मान्य केलं.

शेवटी अकरा नियम झाले. आमच्यातलं कुणी खिडकीपलीकडे जाणार नाही, आणि तिकडचं कुणी अलीकडे येणार नाही. दारूचा ग्लास फळीवर ठेवायचा नाही. ज्याला नीट उभं राहता येत नाही त्याला तळणीचं गरम काही द्यायचं नाही, भाकरी द्यायची. रात्री अमुक वाजता चूल विझणार, मालक आला तरी विझणार. अकरावा नियम बाईने सांगितला आणि त्यावर कुणीच भांडलं नाही. घागरीतलं पाणी मागेल त्याला प्यायला मिळेल, दारूत ओतायला मिळणार नाही.

मी तिला सांगून बघितलं की हा नियम सरकारने मागितलेला नाही, आणि गिऱ्हाईक चिडेल. ती म्हणाली, चिडू द्या. टँकरच्या रांगेत नवरा कंबर धरून बसतो ते पाणी आहे. मी ते लिहिलं. सूचक बाई, अनुमोदक म्हातारा. मग 'सर्वानुमते' हा शब्द लिहिला, आणि तो लिहिताना तिघांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं. तिने अंगठा दिला तेव्हा तो इतका जोरात दाबला की मागच्या पानावर उमटला.

साहेबांना मी फोनवर सांगितलं की हे नाही केलं तर लायसन्स जाईल. ते थोडे कुरकुरले, मग म्हणाले तू म्हणतोस तर बघ. किचनचं कुलूप निघालं. तीन दगडांची चूल आत गेली.

पंधरा दिवसांनी, दिवेलागणीला, इन्स्पेक्टर परत आले. अंगण रिकामं होतं, किचनमधून धूर येत होता. त्यांनी मागचं दार बघितलं, खिडकी बघितली, आणि काउंटरशेजारी बसून नियमांचा कागद वाचायला घेतला. शेवटच्या नियमापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, कागदावर काय, कुणीही काहीही लिहितं. माझ्याइतकं ते कुणाला लागू होतं?

नेमका तेव्हाच मुकादम उठला. त्या दिवशी सोड्याची गाडी आली नव्हती. भरलेला ग्लास हातात घेऊन तो खिडकीपाशी गेला आणि ग्लास फळीवर ठेवून म्हणाला, वैनी, थोडं पानी टाक यात.

बाईने आतून बघितलं. ग्लास उचलून त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "प्यायला देते, मुकादम. ओतायला न्हाई."

मुकादमाला वाटलं ती चेष्टा करतेय. त्याने परत सांगितलं. तिने परत तेच उत्तर दिलं. मग त्याचा आवाज बदलला. "उद्या माझ्याच गाडीत बसायचंय तुला. पोरीला घेऊन. कावून तोंड वाकडं करायली?"

मला वाटलं आता ती देईल. कुणीही दिलं असतं. इन्स्पेक्टर अजून काही बोलले नव्हते. शेरा विरुद्ध पडला तर दहा दिवसांत तिला याच माणसाच्या दारात उभं राहायचं होतं. दोन बोटं पाण्याचा प्रश्न. मी स्वतः उठून देऊन टाकावं असं मला वाटलं, आणि देवाची शपथ, मी अर्धा उठलोही होतो.

"बसायचं तवा बसंन," ती म्हणाली. आवाज थोडा कापत होता, पण ऐकू येत होता. "आज हितं नेम हाय. तिघांनी बसून केलाय. तान लागली आसंल तर ओंजळ करा."

मुकादम ग्लासकडे बघत होता, मग आमच्या सगळ्यांकडे. त्याच्या शब्दावर दोनशे माणसं घरदार सोडून ट्रकमध्ये बसतात. मग त्याने ग्लास बाजूच्या टेबलावर ठेवला, फळीखाली वाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. तिने तांब्या कलता केला. तो प्यायला, श्वास घेतला आणि परत प्यायला. सबंध तांब्या संपला. हनुवटीवरून एक थेंब ओघळला तोही त्याने तळहाताने टिपला. त्या वर्षी पाणी सांडायची कुणालाच सवय राहिली नव्हती.

"लई गार हाय," तो एवढंच म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

मी देवळात फारसा जात नाही. अंगावर काटा येणं वगैरे मला होत नाही, मी हिशेबी माणूस. पण त्या क्षणी मला उभं राहावंसं वाटलं आणि मी उभा राहिलो. शेजारी बघतो तर इन्स्पेक्टरही उभे होते. ते खाली बसले, पेन काढलं आणि मला विचारलं की हा शेवटचा नियम आमच्या कायद्यात नाही, हा कुणी घातला. मी म्हणालो, सर्वानुमते झाला साहेब, मी सभेला होतो. त्यांनी शेरा लिहिला. किचन चालू आहे, मंजूर नकाशाबाहेर काही आढळलं नाही, किचनचालकांचे नियम पाहिले. जाताना मागच्या दाराने गेले आणि हातावर भाकरी घेऊन उभ्यानेच खाल्ली.

दसऱ्यानंतर ट्रक निघाले. आमच्या फाट्यावरून तीन दिवस जात होते, माणसं, बोचकी, कोंबड्या, वर बांधलेल्या सायकली. मुकादमाच्या गाड्या गेल्या तेव्हा बाई किचनच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. त्याने केबिनमधून हात केला, गाडी थांबवली नाही. ती आत जाऊन चुलीपाशी बसली. त्या दिवशी पिठलं खारट झालं आणि कुणी तक्रार केली नाही.

मार्चमध्ये पोरीची परीक्षा आली. केंद्र नांदूरघाटला. एसटीचा भरवसा नव्हता म्हणून मी तिला माझ्या मोटारसायकलवर घेऊन गेलो. आईला चूल सोडून येता येत नव्हतं, तिने पोरीच्या हातात दही-साखर दिली आणि मला म्हणाली, भाऊ, गाडी हळू चालवा. तीन तास मी शाळेसमोर टपरीवर बसलो. माझ्या स्वतःच्या परीक्षेला मी इतका घाबरलो नव्हतो.

ती बाहेर आली. पेपर कसा गेला विचारलं तर बरा गेला म्हणाली. पण चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, काय सुटलं का? ती म्हणाली, "न्हाई मामा. माझ्या वळीत मी एकलीच व्हते. मागं-पुढं नुसते नंबर चिकटवलेले बाक." शाळेने फॉर्म सगळ्या वर्गाचे भरले होते. बाकीच्या पोरी कुठल्या ट्रकमध्ये गेल्या ते तिला माहीत होतं, तिने एकेकीचं नाव घेऊन सांगितलं.

आम्ही परत निघालो. फाटा दिसायला लागला तेव्हा मागून म्हणाली, "मामा, तुमच्या त्या पहिल्या कागदावर आईनं अंगठा दिला असता, तर माझा बी नुसता नंबरच राहिला असता."

ती अजिबात रागाने बोलली नव्हती. मी ऐकलं, आणि गाडी आणखी हळू केली.